एकोणतीस किलो

३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार, आणि आधी हसून घ्या. काल माझ्या टेबलावर फाइल आली: एका गृहस्थाला पोपट चावला. खरंच! शेजाऱ्यांचा पोपट, उजव्या कानाची पाळी, तीन टाके. आमच्या विमा ऑफिसातल्या कोडच्या पुस्तकात प्रत्येक दुखण्याला वेगळा नंबर: पोपट चावला तर एक कोड, पोपट नुसता येऊन आपटला तर दुसरा. मी घाईत कोंबडीचा टाकला. पर्यवेक्षक बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "हा पोपट अंडी देतो का हो?" म्हणजे पोपट चावला त्याला आणि पोपट झाला माझा.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, हे माझ्या पथ्यावरच पडलंय. पत्रात कसं सगळं नीट सांगता येतं. आज मात्र लिहायला बसले ती दुसऱ्या एका फाइलपायी. नाव, गाव, हॉस्पिटल सगळं झाकलेलं असतं, नुसता नंबर दिसतो, म्हणून सांगते. तरी वाचून झालं की पत्र फाडून टाका.

नऊ वर्षांची मुलगी. झटके येत होते म्हणून इमर्जन्सीत आणली. झटके थांबवायचं इंजेक्शन दोनदा दिलं. झटके थांबले, पण श्वासही मंदावला आणि पोर दीड दिवस मशीनवर होती. आता बरी होऊन घरी गेली. डॉक्टरांनी लिहिलंय "औषधाचा दुष्परिणाम". आमच्याकडे त्याचा अर्थ ठरलेला आहे: औषध बरोबर दिलं, तरी अंगाला भोवलं. तेच औषध प्रमाणापेक्षा जास्त गेलं असेल, तर कोड "विषबाधा". कोणी मुद्दाम केलेलं नसलं तरी शब्द तोच, "अपघाताने विषबाधा".

अडचण अशी की इमर्जन्सीच्या पानावर मुलीचं वजन ३९ आहे आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या पानावर २९. इंजेक्शन वजनावर ठरतं ना? एका दिवसात दहा किलो कुठे गेले? तुम्ही सांगा, मी काय करू?

तुमची,
चष्मिष

९ फेब्रुवारी

चष्मिष,

पोपट वाचून इतकी हसले की शेजारीण बघायला आली, म्हातारीला काय झालं म्हणून. माझ्या भावाला सांग, बायकोकडून थोडी अक्कल उसनी घे.

आता कामाचं. एकतीस वर्षं इमर्जन्सीत काढली मी, त्यातली बावीस सिस्टर-इन-चार्ज म्हणून. दोन वजनं म्हणजे एक चूक. झटके येणाऱ्या पोराला काट्यावर कोण उभं करणार? घरच्यांना विचारतात आणि लिहितात. ते वजन काट्यावरचं की तोंडी, हे त्या पानावर कुठेतरी असणारच, नीट बघ. तोंडी असेल तर डॉक्टरला लेखी प्रश्न पाठव. डॉक्टरांनी लिहिलंय म्हणून मान डोलवू नकोस. या कामात कोणाची भीड धरायची नाही, माझीसुद्धा.

बबडी शनिवारी दोन दिवस येतेय. तिला इमर्जन्सीत लागून चार महिने झाले, अजून प्रोबेशनवर आहे. आई सिस्टर आणि लेकही सिस्टर, म्हणून मी सगळीकडे मिरवते. गेल्या आठवड्यात तिचं पत्र आलं नाही. कामात असेल.

वन्सं

१४ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही म्हणजे तुम्हीच! सापडलं. वजनाच्या रकान्याखाली बारीक चौकोन आहे, त्यात खूण केलीय: "तोंडी". आणि पुढे एकच शब्द, "आजी". सही नर्सची, प्रोबेशनचा शिक्का.

मग काय, चहा थंड होईपर्यंत विचार केला आणि एकदम ट्यूब पेटली. आजी काय म्हणाली असेल? एकोणतीस! आणि त्या पोरीने शेवटचं "तीस" तेवढं ऐकलं आणि पुढे नऊ लावून मोकळी झाली. एकोणचाळीस म्हणायला हवं तिथे एकोणतीस म्हणणारी एक आपल्या घरातही आहे ना! आठवतं, मी बबडीला एकोणसाठ रुपये आणायला सांगितले तर तिने एकोणसत्तर आणले होते, आणि वर माझ्याशीच भांडली होती? इंग्रजी शाळेतल्या सगळ्या पोरी एकाच माळेचे मणी. तिला दाखवा हे पत्र, चिडेल मस्त.

पण हसायची गोष्ट नाही, हेही कळतं मला. एक तृतीयांश औषध जास्त गेलं, तेही दोनदा. सोमवारी प्रश्न पाठवते. कोड बदलला की हॉस्पिटलात चौकशी बसते, असं बाई म्हणाल्या. त्या नर्सचं वाईट वाटतं. पण मुलीच्या नावावर खरं तेच लागायला हवं.

तुमची,
चष्मिष

१९ फेब्रुवारी

चष्मिष,

प्रश्न पाठवला नसलास तर पाठवू नकोस.

डॉक्टरने दुष्परिणाम लिहिलंय ना, मग तोच कोड टाक. वॉर्डातले काटेही चुकतात. आजी काय म्हणाली आणि कोणी काय ऐकलं, हे तुला तिथे टेबलाशी बसून कसं कळलं? तू त्या खोलीत नव्हतीस. इमर्जन्सीत एका वेळी सहा जण ओरडत असतात. आकड्यावरून एखाद्याचं आयुष्य उठवू नये. पोर सुखरूप घरी गेलीय, विषय संपव.

बबडी येऊन गेली. बरी आहे.

वन्सं

२४ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अक्षर तुमचंच आहे ना, तेही पाहिलं. पंधरा दिवसांपूर्वी भीड धरू नकोस म्हणालात आणि आता हे. पण तुम्ही म्हणता म्हणजे काही विचार करूनच म्हणत असाल. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. प्रश्न पाठवला नाही. काल दुष्परिणामाचा कोड टाकून क्लेम बंद केला.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिलीय. हा कोड बसला की हॉस्पिटलच्या स्क्रीनवर त्या मुलीच्या नावाखाली लाल पट्टी येते: हे औषध सोसत नाही, देऊ नये. उद्या तिला पुन्हा झटका आला तर? त्याच औषधाने तर झटके थांबले होते. तुम्ही यावर काहीच लिहिलं नाहीत. मी काही चुकीचं बोलले का? बबडीची मस्करी लागली का तुम्हाला?

चष्मिष

२ मार्च

चष्मिष,

मस्करीने मला काही लागत नाही. बरं केलंस. लाल पट्ट्या इमर्जन्सीत वाचायला वेळ कोणाला असतो? आणि दुसरीही औषधं असतात. तू उगाच जीवाला घोर लावून घेतेस.

बंद केलेला क्लेम पुन्हा उघडतात का गं कधी? सहज विचारलं.

वन्सं

२० मार्च

वन्सं,

ती मुलगी पुन्हा आली.

तोच नंबर, म्हणून फाइल माझ्याच टेबलावर. अकरा मार्च, दुपारी शाळेतून आणली, झटके चालू. डॉक्टरांनी लाल पट्टी वाचली. वाचायला वेळ होता त्यांना, वन्सं. फाइलमध्ये शब्द न शब्द आहे: "औषध सोसत नसल्याची नोंद, म्हणून पर्यायी औषध." पर्यायी औषध तयार करून, हळूहळू शिरेतून देऊन, लागू पडेपर्यंत बेचाळीस मिनिटं. आधीच्या वेळी सहा मिनिटांत थांबले होते. आता तिचा उजवा हात उचलत नाही. डॉक्टरांनी लिहिलंय, "सुधारणा होईल, किती ते सांगता येत नाही."

मला आज या हाताचा कोड शोधायचाय. पुस्तक उघडून सकाळपासून बसलेय. डावखुरी की उजवी, हे विचारतात आमच्याकडे. ती उजवी आहे. तिसरी-चौथीतली मुलगी, वन्सं, पेन धरायचा हात.

ती पट्टी तिथे कोणी लावली? मी. माझ्या बोटांनी. तुम्ही का सांगितलंत तसं? मला वाद घालायचा नाही, मला कारण हवंय. खरं कारण लिहा.

चष्मिष

२४ मार्च

चष्मिष,

ती नर्स बबडी आहे.

सोळा फेब्रुवारीला घरी आली, तेव्हापासून नुसती भिंतीकडे बघत होती. तुझं पत्र शनिवारीच आलं होतं, रविवारी सकाळी उघडलं. तू लिहिलं होतंस, तिला दाखवा, चिडेल मस्त. मी हसत हसत मोठ्याने वाचून दाखवलं. एकोणतीसपाशी आले आणि तिचा चेहरा बघून थांबले. म्हणाली, "आई, ती मीच."

तिला वॉर्डातलं २९ बघूनच कळलं होतं. तीन आठवडे मनात ठेवून फिरत होती. सोमवारी जाऊन सांगते म्हणाली. मी म्हटलं, गप्प बस. प्रोबेशनवर आहेस, पोर बरी आहे, कोणाला कळलेलं नाही. आणि मग तुला ते पत्र लिहिलं. तुझ्या पत्रात "विषबाधा" हा शब्द होता, आणि मला तो माझ्या पोरीच्या नावापुढे दिसायला लागला. दुसरं काही दिसेना. लाल पट्टीचं तू लिहिलंस तेव्हा मला सगळं कळत होतं. एकतीस वर्षं काम केलेल्या बाईला कळणार नाही होय? कळूनही तुला उडवून लावलं.

अकरा मार्चला बबडी ड्यूटीवर होती. डॉक्टरने पट्टी मोठ्याने वाचली. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. माझा शब्द पाळला तिने.

मी माफी मागत नाही, कशी मागतात तेच सुचत नाही. तू म्हणशील ते.

वन्सं

२७ मार्च

वन्सं,

मला खूप राग आलाय. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात मी कोणाचं मन मोडलं असेल, पण तुमचं नाही. माझ्या आईपेक्षा तुमचं जास्त ऐकलं. आणि तुम्ही मला वापरलंत. हे लिहून टाकते, मनात ठेवलं तर कायमचं राहील.

आता ऐका. क्लेम आमच्याकडे नोंदला गेल्यापासून दुरुस्तीला साठ दिवस मिळतात. चार एप्रिल शेवटचा दिवस. त्यानंतर तो कोड आणि ती पट्टी दोन्ही पक्के, काढायचे तर महिनोन्महिने अर्ज करत बसावं लागतं, आणि ही मुलगी तोवर थांबणार नाही. मी आज बाईंना सांगितलं की दोन वजनं दिसत असून मी प्रश्न न विचारता क्लेम बंद केला. कोणाच्या सांगण्यावरून ते सांगितलं नाही. डॉक्टरांना प्रश्नही आजच गेला.

पण डॉक्टर म्हणतील, वजन नर्सने लिहिलं, मला काय माहीत. वॉर्डातला काटाच बिघडला असेल. तुमचंच वाक्य आहे ते. तेव्हा काय ऐकलं आणि काय लिहिलं, हे एकच माणूस सांगू शकतं. बबडीचं नाव माझ्या तोंडून कोणाला कळणार नाही. मला कळलंय ते घरच्या पत्रातून, फाइलमधून नाही. सांगायचं तर तिने.

आठ दिवस आहेत.

चष्मिष

३ एप्रिल

मामी,

आईचं पाकीट आलं, आत फक्त तुझं पत्र. तिची एक ओळसुद्धा नाही.

मी काल सकाळी मेट्रनकडे लेखी दिलं. पान भरून लिहिलं, दोनदा फाडून पुन्हा लिहिलं. डॉक्टर आधी चिडले, मग खुर्चीत बसून राहिले. संध्याकाळपर्यंत पट्टी निघाली. मी थांबून स्क्रीनवर बघितली आणि मगच निघाले. चौकशी होईपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय. खोलीवरच आहे, आईकडे जात नाहीये.

मुलगी बोटं हलवते आता. मनगट नाही.

मी इतक्यांदा मनात आकडे म्हणून बघितले मामी, एकोणतीस म्हटलं की अजूनही मला आधी तीसच ऐकू येतं. माझ्यावर किती चिडली असशील. तुझी मस्करी मात्र अगदी बरोबर निघाली.

बबडी

९ एप्रिल

वन्सं,

कोड बदलला. अपघाताने औषधाची विषबाधा, औषध सोसत नसल्याची नोंद रद्द. मुदतीच्या एक दिवस आधी. माझ्याकडून लेखी खुलासा घेतलाय आणि तीन महिने माझी प्रत्येक फाइल बाई तपासून मगच पुढे पाठवणार. होऊ दे. मी मागितली असती तरी हीच शिक्षा मागितली असती.

बबडीच्या जबाबाची प्रत फाइलला जोडून आली. नाव झाकलेलं होतं, अक्षर थोडंच झाकता येतं? सगळं सरळ लिहिलंय, कुठे सारवासारव नाही. शेवटी एक ओळ आहे: "चुकीनंतर गप्प राहण्याचा निर्णय माझा एकटीचा होता. मला तसं कोणीही सांगितलं नव्हतं."

ही ओळ मी चार वेळा वाचली. माझ्या कामात जे कागदावर आहे तेवढंच खरं धरायचं असतं. मी पान उलटलं आणि फाइल पुढे पाठवली. पण तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते. यापुढे काय करायचं ते मी सांगणार नाही.

राग अजून आहे. आणि तुमची आठवण येते, हेही खरं आहे.

चष्मिष

१७ एप्रिल

चष्मिष,

तुझं पत्र वाचलं, पिशवी भरली आणि पहिली बस धरली.

तिथली मेट्रन माझ्याच हाताखाली शिकलेली निघाली. मला बघून खुर्ची सोडून उठली, पाया पडायला आली. मी म्हटलं, आधी ऐक, मग ठरव. शेवटची ओळ खोटी आहे, पोरीला गप्प मी बसवलं, आणि क्लेमवाल्या बाईलाही मीच फशी पाडलं. ती एवढंच म्हणाली, "सिस्टर, तुम्ही?" शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. जबाबाला माझं पान जोडलं, सही घेतली. जाताना पाया काही पडली नाही.

बबडीची नोकरी राहिलीय. सहा महिने इमर्जन्सी नाही, दुसऱ्या सिस्टरच्या नजरेखाली वॉर्ड. तिच्या खोलीवर गेले तर दार उघडून आत निघून गेली. दोन दिवस दोघी एका खोलीत, शब्द नाही. शेवटी मीच म्हटलं, भांड माझ्याशी, पण बोल. तर म्हणाली, "आई, तू गप्प बस म्हणालीस ना, तेव्हा मला इतकं हायसं वाटलं होतं. त्याचीच लाज वाटते." मी म्हटलं, मलाही हायसंच वाटलं होतं गं. मग दोघी रडलो. माझ्या वयाला शोभेल असं नाही, चांगलं हमसून.

काल मेट्रनने त्या घरच्यांना विचारून आम्हाला भेटायची परवानगी दिली. दोघी गेलो. आजीने दार उघडलं. माझ्याच वयाची बाई. बबडीला काय काय बोलायचं होतं, बसमध्ये पाठ करत होती. तिथे उभ्या उभ्या एवढंच म्हणाली, "आजी, तुम्ही वजन बरोबर सांगितलं होतं. मी चुकीचं ऐकलं."

आजीने चौकट धरली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. जानेवारीत घरी सोडलं तेव्हा सुनेने कागदावरचं ३९ वाचलं होतं आणि विचारलं होतं, आई, तुम्ही किती सांगितलंत? आजी म्हणाली, मी बरोबरच सांगितलं. मग हाताचं झालं, घरचे म्हणू लागले सगळं त्या आकड्यापासून सुरू झालं, आणि तिलाच वाटायला लागलं की आपण घाबरून काहीतरी भलतंच बोललो. तेव्हापासून महिनाभर तिला नातीजवळ एकटीला बसू देत नव्हते. औषधाच्या बाटलीला हात लावू देत नव्हते.

चष्मिष, मी माझ्या पोरीला वाचवत होते, तेव्हा त्या चुकीचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटत होतं याचा मी एकदाही विचार केला नाही. तूही केला नसशील. आजीचा तो त्रास आपल्या कोणाच्याच कागदावर नव्हता.

सून आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली. आत गेली, मुलीला हाताला धरून घेऊन आली, आजीशेजारी उंबऱ्यावर बसवली, आणि औषधाची बाटली आजीच्या हातात दिली.

वन्सं